जुनी ठेवू की नवी घेऊ

स्वप्नाली बिरादारला माफी मागायला लावली ती सोमवारी सकाळी, शपथ झाल्या झाल्या.

चाकणच्या त्या कारखान्यात पहिली शिफ्ट सुरू होताना सगळे कामगार शेडसमोर रांगेनं उभे राहतात, हात पुढे करून सुरक्षेची शपथ घेतात आणि मग आपापल्या मशीनवर जातात. त्या दिवशी शपथ संपली तरी कुणाला सोडलं नाही. आयटीचा मॅनेजर सुजित खांडगे यानं माइक घेतला. "मागच्या सोमवारी आपली डिस्पॅच चार तास बंद पडली. ती कुणामुळे, हे सगळ्यांना कळलं पाहिजे," असं म्हणून त्यानं माइक तिच्या हातात दिला. कागद त्यानंच लिहून आणला होता. 'माझ्या हलगर्जीपणामुळे' हे शब्द आले तिथं तिची जीभ अडखळली आणि मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. सुजितनं कानाशी येऊन हळूच सांगितलं, "परत वाच. मागं ऐकू नाही गेलं."

तिनं परत वाचलं.

हलगर्जीपणा तिचा नव्हताच. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पेटीवर बारकोडचं लेबल लागतं. लेबल नसेल तर गिऱ्हाईक कंपनी पेटीला हात लावत नाही, गाडी गेटवरूनच परत येते. ही लेबलं छापायचं काम एक लिनक्सचा सर्व्हर करायचा आणि तो सर्व्हर स्वप्नालीनं आपल्या हातानं उभा केला होता. त्यातल्या सेटिंगच्या एका फाइलमध्ये तिनं स्वतः ओळी लिहिल्या होत्या. डिस्पॅचच्या अकरा कॉम्प्युटरांचं ऐकायचं, त्यांनी सांगितलं की छापायचं, एवढाच त्यांचा अर्थ. ही फाइल मुळात येते तशीच ठेवली तर सर्व्हर फक्त स्वतःचं ऐकतो, बाहेरच्या कुणालाही दाद देत नाही.

लिनक्स अपडेट केलं की अशा फाइलींच्या नव्या प्रती सोबत येतात. पण जुनीत कुणी हातानं बदल केलेले असतील तर सर्व्हर परस्पर काही करत नाही. तो थांबतो आणि विचारतो, तुमची जुनी ठेवू, की माझी नवी घेऊ? नुसतं एंटर दाबलं तरी जुनी राहते. नवी हवी असेल तर मुद्दाम 'वाय' दाबावा लागतो.

डिस्पॅच बंद पडली त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, स्वप्नाली लातूरला होती. आईच्या, म्हणजे इंदुताईच्या, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. हेड ऑफिसमधून तगादा आला म्हणून सुजितनं स्वतःच अपडेट करायला घेतलं, प्रश्न नीट वाचला नाही आणि 'वाय' दाबला. सोमवारी सकाळी लेबलं बंद. स्वप्नालीला एक फोन केला असता तर तिनं दवाखान्याच्या बाकावर बसून दहा मिनिटांत सांगितलं असतं. पण फोन करायचा म्हणजे आपण काय केलं ते कबूल करायचं. त्यानं पिंपळे सौदागरहून बाहेरचा माणूस बोलावला. त्या माणसानं तिथंच शेजारी पडलेली जुनी फाइल शोधून परत जागेवर ठेवली. तोवर चार तास गेले होते.

मंगळवारी स्वप्नाली कामावर आली तेव्हा तिचा लॉगिन बंद होता आणि गोष्ट तयार होती. बिरादार मॅडमनी फाइलमध्ये परस्पर बदल करून ठेवले होते, कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून अपडेट फसलं. तिनं सुजितला सांगितलं होतं, पण तोंडी. प्लांटचे प्रमुख बुद्धरत्न वाघमारे यांच्याकडे ती गेली. "साहेब, कुणी काय केलं ते सर्व्हरवरच लिहिलेलं असतं. एकदा उघडून बघा," म्हणाली. वाघमारे वाईट माणूस नव्हते, पण त्यांना कामं उरकायची होती. "विषय वाढवू नका. माफी मागा, डिस्पॅचला बसा, वर्षभरानं बघू," म्हणाले.

आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, तेही कंपनीच्या विम्यावर. स्वप्नालीनं मान खाली घातली.

डिस्पॅचला भिवाआण्णा होते, लोडिंगचे जुने मुकादम, चाकणच्या शेजारच्याच गावचे. त्यांनी तिच्यासाठी पंख्याखाली टेबल सरकवलं. आठवडाभर तिच्याकडे बघितलं आणि मग म्हणाले, "पोरी, तू त्याच्यावर डूख धरून बसलीयास."

"धरलाय आण्णा."

"त्यानं आपलंच रगत आटतं. त्याचं काय बी जात न्हाई."

"बघू की," ती म्हणाली.

भिवाआण्णांचं म्हणणं खोटं नव्हतं. सुजित रोज डिस्पॅचवरून जायचा, मुद्दाम थांबायचा. "काय बिरादार, चिकटपट्ट्या नीट लागतात ना?" असं चारचौघांत विचारायचा. ती "हो सर" म्हणायची. मोशीला घरी जाताना बसमध्ये ती ते दोन शब्द पुन्हा पुन्हा चघळायची. ऑपरेशननंतर तिच्याकडे राहायला आलेली आई विचारायची, "कामून गं जेवत नाहीस, माय?" ती म्हणायची, कँटीनमध्ये खाल्लं. आईला तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आईनं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनच करून घेतलं नसतं.

स्वप्नालीचा सगळा जीव एका गोष्टीत अडकला होता. सर्व्हर आपली वही ठेवतो. कोणत्या दिवशी, कुणाच्या नावानं अपडेट झालं, कोणती फाइल ठेवली, कोणती बदलली, सगळं त्यात ओळीओळीनं लिहिलेलं असतं. ती वही तो महिन्या-महिन्यानं गुंडाळतो आणि बारा महिने जपतो. त्याच्या पुढचं टाकून देतो. सुजितला हे माहीत नव्हतं, नाहीतर त्यानं ती केव्हाच पुसली असती. स्वप्नालीला माहीत होतं, पण तिच्याकडं किल्ली नव्हती, आणि चोरून उघडलेली वही कुणी मानली नसती. कुणीतरी ती वही उघडेल, उघडावीच लागेल, असा दिवस यायला हवा होता. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं ती उलटत होती. जून गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. मे उजाडला तेव्हा अकरावा महिना चालू होता.

आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात मेल आला. सोमवारी गिऱ्हाईक कंपनीचे तपासनीस येणार, त्याआधी सगळे सर्व्हर अपडेट झालेले पाहिजेत, लेबलांचा सर्व्हर रविवारी सकाळी बंद राहील. खाली सही सुजित खांडगेची.

स्वप्नालीनं मेल तीनदा वाचला. त्या फाइलीला बाहेरच्या माणसानं पुन्हा तिच्याच ओळी दिल्या होत्या. म्हणजे सर्व्हर पुन्हा तोच प्रश्न विचारणार. आणि सुजित त्यातून काही शिकला असेल, असं तिला वाटत नव्हतं. ज्याचा दोष दुसऱ्याच्या गळ्यात जातो त्याला शिकायचं कारण काय?

शुक्रवारी कँटीनमध्ये दिव्या तिच्यासमोर ताट घेऊन बसली. स्वप्नालीच्या जागेवर आलेली ही मुलगी, आकुर्डीची, कॉलेज संपवून पहिलीच नोकरी. कामाला चोख होती. स्वप्नालीला ती ताई म्हणायची आणि अडलं की गुपचूप येऊन विचारायची. कारण सुजित सांगत काहीच नसे, ओरडत मात्र असे.

"ताई, रविवारी अपडेट मलाच करायला सांगितलंय. ते मध्येच विचारतं ना, जुनी ठेवू की नवी घेऊ? तेव्हा काय दाबायचं?"

स्वप्नालीच्या हातातला घास हातातच राहिला. एवढं सरळ कुणी येऊन विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. उत्तर एका अक्षराचं होतं.

"सरांना विचार," ती म्हणाली.

"ते चिडतात हो."

"चिडू देत. पण तोंडी नको विचारू. व्हॉट्सॲपवर विचार, लिहून घे. उद्या काही झालं तर तुझ्या हातात कागद पाहिजे."

दिव्याला तो सल्ला पोटातून आलेला वाटला. "थँक्यू ताई," म्हणाली आणि आपल्या ताटातला अर्धा लाडू तिच्या ताटात ठेवला. स्वप्नालीनं तो खाल्ला.

रविवारी सव्वादहाला मोबाइल वाजला. स्वप्नाली स्वयंपाकघरात कणीक मळत होती. हात पुसून तिनं बघितलं. दिव्यानं सुजितच्या उत्तराचा फोटो पाठवला होता: 'नवीच घे. वाय दाब. दरवेळी विचारत बसू नकोस.' आणि त्याखाली दिव्याचा प्रश्न होता: 'ताई, बरोबर आहे ना?'

मनात पहिल्यांदा आलं ते असं, सापडला! आता तो तिच्या मुठीत होता, लेखी. दिव्याचा विचार मागून आला.

'नको दाबू' एवढं लिहिलं असतं तर सोमवारी काहीच झालं नसतं. लेबलं छापली गेली असती, तपासनीस चहा पिऊन गेले असते, सुजितला शाबासकी मिळाली असती. जूनही गेला असता आणि पाठोपाठ वहीतली ती ओळ सर्व्हरनं टाकून दिली असती. मग 'माझ्या हलगर्जीपणामुळे' हे तिच्या नावावर जन्माचं राहिलं असतं.

आतून आईनं हाक मारली, "माय, उजव्या डोळ्यात थेंब टाकायचे राहिले की."

स्वप्नालीनं मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला. आईच्या डोळ्यात थेंब टाकले, पाच मिनिटं तिचं डोकं मांडीवर धरून बसली. मग येऊन पोळ्या केल्या. उत्तर दिलं नाही.

सोमवारी सात वाजता पहिली पेटी पट्ट्यावर आली आणि लेबल निघालं नाही.

आठपर्यंत पेट्यांची थप्पी शटरपर्यंत आली. भिवाआण्णांनी तीन गाड्या बाहेरच थांबवल्या. सुजित दिव्याच्या पाठीशी उभा राहून, हे बंद कर, ते चालू कर, पुन्हा बंद कर असं करत होता. पिंपळे सौदागरचा माणूस फोन उचलत नव्हता. साडेनऊला तपासनीस आले. दोघंजण, त्यांतल्या बाईंच्या हातात वही. वाघमारे त्यांना दुसरीकडून फिरवणार होते, पण त्या बाईंनी डिस्पॅचच आधी बघायचं म्हटलं.

स्वप्नाली पंख्याखालच्या टेबलाशी बसून होती. तिनं काही केलं नाही.

"काय झालंय?" वाघमाऱ्यांनी विचारलं.

सुजितनं एक क्षणही घेतला नाही. "सर, हिनं काल अपडेट करताना मला न विचारता फाइल बदलली. नवीन मुलं, काय करणार. मी ॲक्शन घेतो."

दिव्या पुढं आली. "सर, मी विचारलं होतं! तुम्हीच... थांबा, दाखवते." तिनं घाईघाईनं मोबाइल उघडला. सुजितचा मेसेज तिथं नव्हता. 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढी एकच ओळ होती.

"काय दाखवतेस?" सुजित म्हणाला. त्या आवाजात स्वप्नालीला माइकजवळचा आवाज ऐकू आला.

दिव्या रडायला लागली. ताईला पाठवलेला फोटो तिला त्या गोंधळात आठवलाच नाही. वाघमारे तपासनीस बाईंकडे बघून कसनुसं हसले, मग त्यांची नजर टेबलाकडे वळली. "बिरादार, हा सर्व्हर तुमचाच ना? चालू करता येईल?"

"येईल साहेब." ती उठली. "दहा मिनिटांचं काम आहे. पण आधी एक नोंद वाचायची."

"नंतर वाचू. आधी चालू करा. बाहेर गाड्या उभ्या आहेत."

"उभ्या राहू देत. मी अकरा महिने उभी आहे."

भिवाआण्णांनी पेटीवरचा हात काढला. सुजित म्हणाला, "सर, ही चक्क कंपनीला वेठीला धरतेय."

"हो, धरतेय," स्वप्नाली म्हणाली. "दिव्या, डोळे पूस. माझा लॉगिन बंद आहे, तू उघड. मी सांगते तसं टाइप कर."

वाघमाऱ्यांनी घड्याळाकडे बघितलं, तपासनीस बाईंकडे बघितलं आणि मान हलवली. दिव्यानं गुंडाळलेली जुनी नोंद उघडली. पडद्यावर ओळी आल्या.

"खांडगे सर वाचतील," स्वप्नाली म्हणाली.

"मी कशाला—"

"वाचा," वाघमारे म्हणाले.

सुजितनं वाचलं. नऊ जून, रविवार. अपडेट करणारा, सुजित. त्याखाली त्या फाइलचं नाव आणि पुढं निर्णय, नवी बसवली. तो एवढं हळू वाचत होता की मागच्यांना ऐकू जाईना.

"परत वाचा," स्वप्नाली म्हणाली. "मागं ऐकू नाही गेलं."

त्यानं तिच्याकडे बघितलं. तिला तो चेहरा हवा होता. अकरा महिने बसमध्ये बसून ती हाच चेहरा मनात रंगवत होती, आणि तो तिनं रंगवला होता त्याहून लहान होता. त्यानं परत वाचलं. मग तिनं आपल्या मोबाइलवरचा कालचा फोटो काढला आणि मोबाइल वाघमाऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. "नवीच घे. वाय दाब. दरवेळी विचारत बसू नकोस." तपासनीस बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

"आता चालू करते," स्वप्नाली म्हणाली.

जुनी फाइल शेजारीच पडलेली होती. दिव्याच्या हातानं ती जागेवर ठेवली, सेवा बंद करून पुन्हा सुरू केली. आठ मिनिटं लागली. पहिलं लेबल सरसर बाहेर आलं तेव्हा भिवाआण्णा ओरडले, "चला रं, गाडी लावा!"

सुजितला दुपारीच घरी पाठवलं. बुधवारी वाघमाऱ्यांनी स्वप्नालीला केबिनमध्ये बोलावलं. तिची जागा तिला परत दिली होती, पत्र तयार होतं. "खांडगेचा राजीनामा घेतलाय. विषय संपला," ते म्हणाले.

"नाही संपला. त्यांनी शपथेनंतर माफी मागायची."

"अहो, तो जातोय ना आता. कशाला?"

"मला तुम्ही जाऊ नव्हतं दिलं साहेब. उभं केलं होतं."

वाघमारे बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत बसले. सुजितला अनुभवाचं पत्र हवं होतं, ते वाघमाऱ्यांच्याच सहीनं मिळणार होतं. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. मजकूर?"

"मी लिहून आणते."

ती संध्याकाळ तिनं त्या कागदावर घालवली. शब्द निवडून निवडून घातले. 'चूक झाली' लिहिलं, खोडलं, 'खोटं बोललो' लिहिलं. 'एका निर्दोष बाईवर' लिहिलं. आईनं विचारलं, "काय लिहितेस एवढं?" तेव्हा तिनं पहिल्यांदा सगळं सांगितलं, जूनपासून. इंदुताई ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाचताना तू म्होरं उभी राहा."

गुरुवारी ती पुढच्या रांगेत उभी राहिली. सुजितनं कागद वाचला. कुणी हसलं नाही, त्याची जीभही अडखळली नाही. तो भरभर वाचून मोकळा झाला आणि सरळ गेटकडे चालू लागला. तरीही तिला ते गोड लागलं. उगाच का नाकारावं? त्या रात्री ती कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली.

शुक्रवारी ती आयटीच्या खोलीत आपलं सामान घेऊन गेली. दिव्या पाठमोरी बसली होती.

"मॅडम, एक विचारू?" दिव्या म्हणाली. स्वप्नालीच्या लक्षात आलं, ताई गेलं.

"विचार."

"रविवारी तुम्ही माझा मेसेज वाचला होतात. सव्वादहालाच. मी वीस मिनिटं थांबले होते. वाटलं, ताई काहीतरी सांगतील."

स्वप्नाली खुर्ची ओढून बसली. खोटं बोलता आलं असतं, पण त्या आठवड्यात तिला त्याची किळस आली होती. "वाचला होता," ती म्हणाली.

"आणि काय होणार ते माहीत होतं?"

"हो."

"सोमवारी सकाळी मी बाबांना फोन केला होता. म्हटलं, माझी नोकरी गेली. ते रिक्षा थांबवून रस्त्याच्या कडेला बसून राहिले दोन तास."

"तुला मी काही होऊ दिलं नसतं. फोटो माझ्याकडे होता."

"तो तुम्ही बाहेर काढाल, हे तुम्हाला माहीत होतं. मला नव्हतं." दिव्या पुन्हा पडद्याकडे वळली. "तुमचा लॉगिन चालू केलाय. पासवर्ड बदलून घ्या, मॅडम."

महिनाअखेर दिव्यानं दुसरीकडे नोकरी धरली. जाताना सगळ्यांना पेढे दिले, स्वप्नालीलाही दिला, सगळ्यांना दिला तसाच.

इंदुताई म्हणाली, "पोरीला जेवायला बोलव."

"ती नाही यायची."

"मग तू जा."

ती गेली, एका रविवारी, आकुर्डीला. दिव्याच्या आईनं बसायला सांगितलं, चहा केला. वडील समोर बसले, कारखान्याचं, ट्रॅफिकचं बोलले. दिव्या आतल्या खोलीत होती. मिक्सरचा आवाज आला, थांबला. ती बाहेर आली नाही. स्वप्नाली पाऊण तास बसली. निघताना दाराशी तिनं आईला सांगितलं, "तिला म्हणावं, चूक माझी होती. वीस मिनिटांची." त्या बाईला काही कळलं नाही, पण त्यांनी सांगते म्हटलं.

परतीच्या बसमध्ये तिनं स्वतःला सरळ विचारून बघितलं, पुन्हा तशी वेळ आली तर काय करशील? दिव्याला ती सांगेल, यात शंका नव्हती. त्या मुलीला तरी ती एका अक्षरानं वाचवेल.

सुजितच्या बाबतीत मात्र तिला कुठंच काही हलताना जाणवलं नाही. तो माणूस पुन्हा समोर आला, तर पुन्हा वाचायला लावीन, असं तिला वाटलं, आणि त्याचं तिला वाईटही वाटलं नाही.